साडूची विंच आणि माझी म्हैस

उभ्या इंदापूर तालुक्यात जुनी विंच पारखावी ती माझ्या साडूनं, बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये. हे मी सांगतोय म्हणजे त्याला वजन आहे, कारण मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. शाळा मी चौथीत सोडली, पण तरणेपणी विहिरी खोदताना दगड वर ओढणाऱ्या यारीवर राबलो. कऱ्हाटीकडच्या कितीतरी विहिरींचा दगड माझ्या हाताखालून वर आला आहे. तेव्हा तारेच्या दोराचं मला कुणी शिकवू नये. विंच म्हणजे तरी दुसरं काय? गाडीच्या तोंडाला बसवलेली लहानशी यारीच. मोटर फिरली की तार गुंडाळत जाते आणि समोर जे बांधलं असेल ते ओढलं जातं.

साडू निमगाव केतकीचा. डाळिंबाची बाग आहे आणि लष्करातून निघालेली एक जुनी जीप आहे, चारही चाकांनी ओढणारी. बागेची फवारणी एखाद्या वेळी चुकेल, जीपचं ग्रीस चुकणार नाही. तिच्या अंगावर इतकं सामान चढवलंय की मूळ जीप कुठली ते शोधावं लागतं. पुढं लोखंडी गार्ड, टपावर कॅरिअर, कॅरिअरला फावडं, पहारी आणि पाण्याचे कॅन. बोनेटच्या शेजारून एक नळी टपापर्यंत वर नेली आहे, पाणी छातीला लागलं तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. वर सहा दिवे, ते भर दुपारीही चालू. विचारलं तर म्हणतो, "बसून बसून बल्ब आळशी होत्यात, आबा." माझी मेव्हणी त्या गाडीतून कुणाच्या लग्नाला निघाली की तिच्या मांडीवर जॅक असतो. ती म्हणते, "लेकरं मोठी झाली, मांडी मोकळी झाली असं वाटलं हुतं. पर न्हाय!"

आमच्याकडं नावाला डोंगर नाही. स्टँडवरची माणसं मुद्दाम हाक मारायची, "काय पाव्हणं, आज कुठल्या घाटात?" हा गाडी थांबवून शांतपणे सांगायचा, "डोंगर लांबनं दिसतो, त्याला कोण भितंय? चिखल पाय घातल्यावर कळतोय. माझी तयारी त्याची हाय."

नवी विंच त्यानं आयुष्यात घेतली नाही. जुनी घ्यायची, ती खोलायची, धुवायची, बसवायची, वर्षभर वापरायची आणि तिच्याहून अनुभवी मिळाली की बदलायची. बघायला निघाला की मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट. अंगात इस्त्रीचा सदरा, आणि बरोबर वडीलधारा म्हणून मी. एकदा भिगवणच्या पलीकडं एका गॅरेजवाल्यानं आम्हाला चहा पाजून विंच दाखवली. म्हणाला, "एकदम कोरी हाय बघा, कधी वापरलीच न्हाय." साडूनं अर्धा कप खाली ठेवला आणि उठलाच. "जिनं कधी काय वढलं न्हाय, ती ऐन वक्ताला माझ्यासाठी का वढंल?" दुसऱ्या एकानं मात्र खरं सांगितलं, की ही नदीत एक टेम्पो काढताना मध्येच थांबली होती, तास गेल्यावर परत चालू झाली. साडूचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता हा त्या माणसाला मिठी मारतो. "हीच घ्यायची, आबा. कुठं थांबती ते कळलं म्हंजे आपण जरा अलीकडं थांबायचं."

तार तपासायला तो तिच्यावरून चिंधी फिरवायचा. एखादा धागा तुटलेला असला तर चिंधी तिथं अडकते. ही युक्ती माझी, यारीवरची. तो हे कबूल करत नाही. मीही दर वेळी चारचौघांत आठवण करून देतो.

ती टेम्पोवाली विंच त्यानं जीपला बसवली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "पाव्हणं, उभ्या जन्मात हिचं काम पडणार न्हाय." त्यानं नुसतं कापडानं तिचा तार गुंडाळायचा ड्रम पुसला.

माझं गाव भिगवणच्या अलीकडं, उजनी धरणाच्या फुगवट्याला. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, खाली नुसतं लोणी. गेल्या उन्हाळ्यात माझी म्हैस पाण्याच्या ओढीनं त्यात शिरली आणि पोटापर्यंत रुतली. गाभण, दहा महिने भरलेले. आज-उद्या व्यायची. आमच्या घरात ती म्हैस नव्हती, माणूस होती. माझ्या हाकेशिवाय पान्हा सोडायची नाही. आम्ही दहाजणांनी शिंगांना दोर लावून ओढलं. तिनं अशी आरोळी दिली की मीच विळ्यानं दोर कापला. ट्रॅक्टर आत घातला असता तर तोही गेला असता. ऊन चढत होतं, तिची मान खाली खाली येत होती. "निमगावला फोन लावा की," सगळे म्हणाले. मी म्हणालो, "गरज न्हाय." बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं बहिणीला फोन लावला.

साडू आला, भर उन्हात सहा दिवे लावून. लोक हसले. त्यानं जीप कोरड्या कडेला उभी केली, तार सोडली, आणि चाकाखाली घालायच्या दोन लांब फळ्या गाळावर टाकून त्यांच्यावर पालथा पडून सरपटत म्हशीपर्यंत गेला. त्या फळ्यांना मी पोळपाट म्हणायचो. कोपरापर्यंत हात गाळात घालून त्यानं तिच्या पुढच्या पायांमागून रुंद नायलॉनचा पट्टा ओवला, त्याला तार अडकवली. स्विच माझ्या हातात. दाबला, आणि म्हैस निघायच्या ऐवजी जीपच म्हशीला भेटायला निघाली! चाकं ब्रेकनं जाम केलेली, तरी घसरत गाळाच्या काठापर्यंत आली.

"आबा, आता जीप काढायला कुणाला बोलवायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

तिथं आसपास झाड नव्हतं, जीप बांधायची कशाला? साडूनं गाळातून मान वर केली. तोंडावर चिखल, नुसते डोळे दिसत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मला म्हणाला, "आबा, तुमीच सांगा. यारी सरकू नये म्हणून ताण कसा देत हुता?"

मग मी कुणाचं ऐकणार! कॅरिअरवरच्या पहारी काढायला लावल्या. जीपच्या मागं कडक जमिनीत तिरप्या ठोकल्या, एकीच्या मागं एक अशा तीन, आणि पुढचीचा माथा मागचीच्या बुडाला आवळला. एक हलली तर दुसरी धरते, दुसरी हलली तर तिसरी. साखळीनं जीप त्यांना बांधली. म्हशीच्या कडेनं गाळात पाणी ओतायला लावलं, म्हणजे गाळाची पकड सुटते. पुन्हा स्विच दाबला. जीप हलली नाही. तार वाजली. म्हैस बोटभर सरली, मग वीतभर. तेवढ्यात मोटरीतून धूर निघाला.

"पाव्हणं, मोटर जळतीय!" मी बोट काढणार तोच तो ओरडला, "जळू द्या आबा! बोट काढू नका!"

मी बोट काढलं नाही. म्हैस बाहेर आली तेव्हा मोटर गप्प झाली होती. कायमची. साडू मोटरीकडं वळलासुद्धा नाही. म्हशीच्या नाकपुड्यांतला गाळ बोटानं काढत बसला. बऱ्याच वेळानं म्हैस पायावर उभी राहिली, आणि मी उगाच पहारी उपटायला गेलो, कारण माझे डोळे लोकांनी बघावेत असं मला वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पारडी झाली. काळीभोर, धडधाकट. चिकाचा खरवस घेऊन मी स्वतः एसटीनं निमगावला गेलो. मी असा कुणाच्या दारी डबा घेऊन जाणारा माणूस नव्हे. साडू अंगणात जीपपाशीच होता. पुढच्या गार्डमध्ये विंचची जागा रिकामी, नुसती चार बोल्टांची भोकं. त्यानंतर तो डोळ्यांनी अधू होत गेला, आता गाडी फार लांब नेत नाही. त्या दिवशी मी म्हणालो, "दुसरी बसवा की." तो म्हणाला, "बसवायची हाय. पर तिच्या जागी दुसरी लावायला मन धजत न्हाय, आबा."

आम्ही दोघांनी बोनेटवर डबा ठेवून उभ्यानं खरवस खाल्ला. आभार मानायची सवय मला कधी लागली नाही, आणि ह्या वयात लागणार नाही. मी बराच वेळ शब्द जुळवत होतो. शेवटी विचारलं, "पाव्हणं, गूळ कमी पडला का वो?"

त्यानं बोट चाटलं, माझ्याकडं न बघता म्हणाला, "न्हाय आबा. बराबर हाय."