हो, मी ताडी पितो

‘चुलीचे चटके असतील. तुमच्या पोरांना असतातच.’

पोलीस ठाण्यातला साहेब म्हणाला. माझ्या नातीचे दोन्ही हात त्याच्या टेबलावर होते. उलथन्याचे डाग. दहा वर्षांची पोर. मी आणि माझी म्हातारी खाली फरशीवर. खुर्च्या रिकाम्याच होत्या.

पोरीला आई नाही. बाप, म्हणजे माझा मुलगा, गुजरातेत बोटीवर. डहाणूचा चिकूवाडीवाला शेठ पाड्यावर आला. म्हणाला, बंगल्यावर राहील, शाळेत घालतो. कसली शाळा! भांडी घासायला नेली. कप फुटला म्हणून शेठाणीनं चटके दिले. पोर पळाली. एका जीपवाल्याच्या पाया पडून सायवनला घरी आली.

पाड्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या एक बाई भांडल्या तेव्हा कुठे केस झाली. आणि मग पोरीलाच उचललं. बालगृहात ठेवली. शेठाणी जामिनावर आपल्या घरी. चटके देणारी झोपाळ्यावर, चटके खाल्लेली कुलपात. कायद्याला विचारायचं तर कुणाकडे जायचं?

पोरांचं बघणारी सरकारी समिती असते. तिच्यासमोर पोर परत मागायला गेलो. तिथले साहेब गोडीनं बोलले.

‘आजोबा, ताडी पिता?’

‘पितो.’ खोटं कशाला बोलू? आमच्या पाड्यात कोण पीत नाही?

साहेबांनी बाजूच्या बाईंकडे बघितलं. बाईंनी लिहिलं. घर बरोबर नाही. पोरीकडे दुर्लक्ष होतं.

दुर्लक्ष! म्हातारी आपल्या पानातला भात तिला घालून उपाशी निजायची. ती म्हातारी झुरून गेली. शेवटी पाणी नाही मागितलं, पोर मागितली. पोरीला तिचं शेवटचं तोंड बघायला आणायची परवानगी येईपर्यंत इकडे चिता जळून गेली होती.

मग शेठचा माणूस पाड्यावर आला. गावचे पंच संगती. ताडीचं मडकं घेऊन. आमच्यात भांडण मिटलं की दोन्ही बाजू एका मडक्यातली पितात. प्यालं की संपलं. त्या गोष्टीवर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

‘घे रे म्हाताऱ्या डोसा,’ शेठचा माणूस म्हणाला. ‘पोरीला सांग, चुलीवर पडली म्हण. समितीचे साहेब आपलेच आहेत. महिन्यात पोर घरी.’

‘घे ना बाबा,’ पंच म्हणाले. ‘म्हातारी गेली. तुला भाकर कोण थापून देणार?’

प्याला माझ्या हातात. पोर घरी येणार. मला दुसरं काय हवं होतं? खोटं नाही सांगत, ओठापर्यंत नेला.

पण मागच्या भेटीत पोर बालगृहाच्या जाळीतून म्हणाली होती, ‘आजा, मी कोर्टात सांगेन. शेठाणीच्या तोंडावर सांगेन. तू फक्त ये.’

मी प्याला अंगणात ओतला.

‘पितो मी ताडी,’ म्हटलं. ‘तुझी नाही.’

पंच माझ्याशी बोलत नाहीत आता. पोर अजून तिथंच. तारीख पडते. कधी कोर्टाचे साहेब रजेवर, कधी शेठचा वकील आजारी. पुन्हा तारीख. माझ्या हातात काही नाही. निकाल माझ्या डोळ्यांना दिसेल असंही वाटत नाही.

मुलाला फोनवर सांगून ठेवलंय. मी मेलो आणि त्या दिवशी तारीख असली, तर मला तसंच पडू दे. आधी कोर्टात जा.