तेलातली चकाकी ओळखणारे इंगोले सर

वाशीमच्या तंत्रनिकेतनात मी नव्यानेच शिकवायला लागले होते, तेव्हा जवळच्या मालेगावला वसंतराव इंगोले सरांच्या इंजिनदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा गेले. हातात एक सेन्सर होता, तेलाच्या नळीभोवती गुंडाळायची तारेची कॉइल. इंजिन झिजू लागलं की धातूचे बारीक कण तेलातून वाहतात. ते नळीतून जाताना कॉइल त्यांची नोंद करते, कण लोखंडाचे की दुसऱ्या धातूचे हेही सांगते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे चुकलं, तर कोनाले इचारायचं?"

"मला," मी म्हणाले.

"मंग लावा."

सर मूळचे धनजचे. आवाजावरून इंजिनाचा दोष सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं लोक म्हणतात. पण त्यांचा स्वतःचा त्या कानावरचा विश्वास कधीच उडाला होता. तरुणपणी एका इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी "चालू द्या" म्हटलं. तासाभरात आतला रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला आणि शेजारी उभ्या सोबत्याचा पाय कायमचा अधू झाला. चालू इंजिनाजवळ कुठे उभं राहू नये, हे मला शिकवताना त्यांनी हे सांगितलं. सांगताना नजर जमिनीवर होती.

सेन्सरनेही आम्हाला आधी तोंडघशीच पाडलं. त्याच्या इशाऱ्यावरून आम्ही एका तेलघाण्याचं इंजिन बंद करून खोललं, तर आत सगळं ठीक. सेन्सरचीच तार ढिली झाली होती. लोक हसले. पुढे मालेगावच्या एका खासगी दवाखान्याच्या जनरेटरला तोच सेन्सर लावताना माझा धीर होत नव्हता. सरांनी मात्र प्रत्येक जोड स्वतः दोनदा तपासला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वादळाने विजेचे खांब पडले. दवाखाना दुसऱ्या दिवशीही त्या एका जनरेटरवर चालू होता, म्हणून सर आणि मी तिथेच थांबलो होतो. भरदुपारी सेन्सरवरचे कणांचे आकडे चढू लागले, आणि ते कण लोखंडाचे नव्हते. म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू निघत होता. आत नवजात बाळांच्या खोलीत तीन बाळं होती. एकाचा श्वास यंत्रावर होता, आणि त्या यंत्राची बॅटरी जेमतेम वीस मिनिटांची.

जनरेटर चालवणारे शेषराव म्हणाले, "मशीन तर मस्त चालून राह्यली, सर. आवाज बी साफ हाय."

"आवाज मी बी ऐकून राह्यलो," सर म्हणाले. त्यांनी थोडं तेल काढून पांढऱ्या कागदावर ओतलं, खालून चुंबक फिरवलं. चुंबकाबरोबर काहीच सरकलं नाही, तरी कागद उन्हात चकाकत होता.

म्हणजे या वेळी सेन्सर चुकला नव्हता. इंजिन बंद करावं तर बाळाचा श्वास, चालू ठेवावं तर ते कोणत्या क्षणी अडकेल याचा नेम नाही. मी म्हणाले, "सर, मला भीती वाटते."

"मले बी भेव वाटून राह्यलं, पोरी. आकडे वाचत राह्य."

त्यांनी डॉक्टरबाईंना सगळं स्पष्ट सांगितलं. बाळांच्या खोलीखेरीज सारा भार बंद करवला, म्हणजे इंजिनावरचा ताण कमी होईल. मंगरूळपीर रस्त्यावर लग्नात गेलेला मंडपवाल्याचा जनरेटर फोन करून मागवला. तो यायला तास लागणार होता. शेषरावांना आणि मला त्यांनी भिंतीपलीकडे उभं केलं आणि आपण मात्र बंद करायच्या बटणाशी बसले.

बाळाची आई दारात आली. "काका, मशीन बंद पडते काय?"

"पडू शकते, बाई. म्हनून दुसरी आनून राह्यलो. ती आल्याबिगर मी हितून हलत नाही."

तो तास मी कसा काढला, सांगता येत नाही. मी आकडे ओरडून सांगत होते, ते वाढतच होते. शेवटी ट्रॉलीवरून दुसरा जनरेटर आला, सुरू झाला, भार त्याच्यावर गेला. मगच सरांनी बटण दाबलं.

इंजिन खोललं तेव्हा एक बेअरिंग पार झिजून चिरलेलं निघालं. आणखी किती वेळ चाललं असतं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. "ठाऊक नाही," सर म्हणाले. बढाई मारायची त्यांना सवयच नाही. ते बाळ पुढे सुखरूप घरी गेलं.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. परवा दुसऱ्या एका दवाखान्याच्या जनरेटरचे आकडे चढलेले दिसले. मी फोन लावला. सरांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "निंगतो मी." त्यांचं शरीर असंच काटक राहो, त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यांचा हा आवाज आम्हाला अजून पुष्कळ वर्षं ऐकू येवो.