रोवण्यातले पाय

मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढले. बाबा कारखान्यात होते. पायात चप्पल नाही असा दिवस आठवत नाही. लग्न होऊन तुमसरकडच्या खेड्यात आले आणि पहिल्याच पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, उभी राहिले. सकाळपासून अंधारेपर्यंत पाय बांधीच्या चिखलात, पाठ वाकलेली.

थोड्याच दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. आधी खाज, मग कातडी पांढरी पडून सुटू लागली. सगळ्याच बायांना होतात, म्हणून बोलले नाही. घरी आल्यावर पायांवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि तसंच ओल्या पायांनी चुलीपुढे बसायचं, एवढंच त्राण उरे. करंजाचं तेल कोनाड्यात असे. उठून घ्यावंसं वाटत नसे.

एका सकाळी अंगठा टम्म सुजला. थोरल्या जावेनं मला अंगणातच अडवलं.

"काहून वं, लंगडून राहिली?"

"काही नाही, बाई."

"दाखव मले."

तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि बोटं फाकवून पाहिली. "असे पाय घेऊन बांधीत उतरून राहिली होती? बोलली कायले नाही?"

मला रडू आलं. दुखण्यापेक्षा थकव्याचं होतं ते.

नवऱ्यानं सायकलवर बसवून तुमसरला नेलं. डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शन दिलं. "जखम भरेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही," ते म्हणाले.

"साहेब, रोवणा चालू हाये," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी आधी पट्टी बांधली. मग मला म्हणाले, "बरं झाल्यावर तरी रोज पाय धुऊन बोटांमधलं पाणी टिपून घ्या. पूर्ण सुकल्यावर तेल लावा. ओल्यावर लावून उपयोग नाही."

घरी सासूबाई नुसत्या "ऐन कामात" एवढंच म्हणाल्या. जावेनं ठरवून टाकलं. "तू धुऱ्यावर बस. पऱ्ह्याच्या पेंड्या फेकत जाय. तुह्या वाटचं मी लावीन."

पायाला खताच्या थैलीतलं प्लास्टिक बांधून मी बांधावर बसले आणि रोपांच्या पेंड्या फेकत राहिले. खाली ती दोघींचं काम ओढत होती. तिची कंबर सरळ व्हायला दर वेळी जास्त वेळ लागू लागला. मला बघवत नव्हतं, आणि उतरताही येत नव्हतं.

मग तिच्याही बोटांत चिखल्या झाल्या. एका संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली, पाय ओलेच. मी जुन्या लुगड्याची चिंधी घेतली आणि तिचं एकेक बोट बाजूला करून टिपू लागले. टाचांच्या भेगांत चिखल वाळून बसला होता. ती जागी झाली.

"राहू दे वं. माह्ये पाय असेच हायेत."

पण पाय मागे घेतला नाही. मी तेल लावून होईपर्यंत तिचा पुन्हा डोळा लागला होता.

माझा अंगठा बरा झाला, नख मात्र वाकडं उगवलं. पुढच्या वर्षापासून आम्ही आळीपाळीनं धुऱ्यावर बसू लागलो. सकाळी ती, दुपारच्या भाकरीनंतर मी. सासूबाईंनी आधी कुरकुर केली, मग एक दिवस स्वतःही धुऱ्यावर येऊन बसल्या. चिखल्या पुरत्या कधी गेल्या नाहीत. कमी झाल्या. त्या वर्षांत तेवढंही पुष्कळ वाटायचं.