रेवाची पाचपेडी वेणी

हे लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. मी लॅबमध्ये काम करणारी बाई. असले अनुभव वाचले की खाली कमेंट्समध्ये "अहो, याचं साधं कारण असं असेल..." म्हणून लिहिणाऱ्यांपैकी मी. आज मलाच कोणीतरी तसं साधं कारण सांगावं, एवढ्यासाठी लिहितेय.

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या नणंदेचं, शुभांगीचं, लग्न होतं म्हणून मी, नवरा प्रशांत आणि मुलं आदिलाबादला गेलो. नील सात वर्षांचा, रेवा साडेतीन. रेवा पहिल्यांदाच येत होती. तिच्या दृष्टीने तोच परदेश.

हैदराबादहून गाडी केली, इचोड्याला चहाला थांबलो आणि पुढे कापसाच्या गाड्यांमागून रांगत रांगत दुपारी घरी पोचलो. घर म्हणाल तर अगदी साधं — सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर कॉलनीत बांधलेलं, दोन मजली, टाइल्सचं. त्याला कसलाही इतिहास नाही. हे मुद्दाम सांगतेय.

माझ्या मोठ्या जाऊबाई, सुनीताताई, त्यांनी दारातच रेवाला उचलून घेतलं. "माय, काय केस आहेत वं पोरीचे. मला दोन्ही पोरंच. एकदा वेणी घालू दे मला हिची."

"नको ताई, ती केसांना हात लावू देत नाही. फार रडते," मी म्हटलं. खरंच होतं ते. दाट कुरळे केस, कंगवा दिसला तरी रेवा घर डोक्यावर घ्यायची.

ताई हसल्या. पण मला वाटलं, त्यांना लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा वरच्या खोलीत झोपली होती. मी खाली रुखवताच्या मांडामांडीत. वर जाऊन पाहते तर... रेवा गाढ झोपेत आणि तिच्या केसांची वेणी घातलेली. साधी नाही, पाच पेडांची, घट्ट, एकही केस बाहेर नाही. टोकाला रबर नव्हतं, केसांचीच बारीक गाठ. केस तेलाने चपचपीत, आणि वास तिळाच्या तेलाचा. घरात सगळे खोबरेल लावतात.

ती उठल्यावर विचारलं, "वेणी कोणी घातली गं?"

"काकूने."

"रडलीस का?"

"नाही. काकू गाणं म्हणते."

रेवा काकू म्हणायची ती सुनीताताईंनाच. मला राग आला, पण लग्नघर म्हणून गप्प बसले. त्याच्या पुढच्या दुपारी परत तेच. मग मात्र मी स्वयंपाकघरात गेले. ताई आणि सासूबाई लाडू वळत होत्या.

"ताई, रेवाची वेणी घालायची होती तर मला सांगायचं ना."

"मी काऊन घालू?" त्यांनी तुपाचे हात दाखवले. "सकाळपासून लाडूच वळून राह्यली मी. आईंना विचार."

सासूबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, ह्या तर सांभाळूनच घेणार. दोघी मिळून मला सरळ सरळ बनवताहेत. मी बोलून गेले, "रेवा खोटं बोलत नाही."

"म्हंजे मी बोलते?"

मी तशीच बाहेर निघून आले. संध्याकाळी प्रशांत म्हणाला, "जाऊ दे ना, वेणीच तर आहे." त्याला कळतच नव्हतं. माझ्या झोपलेल्या लेकराजवळ कोणी तरी जातं, तासभर बसतं आणि तोंडावर नाही म्हणतं — मला त्याचा त्रास होत होता.

ताई रात्री जेवल्या नाहीत. सकाळी स्वतःच माझ्याकडे आल्या. "आज तू पोरीजवळ झोप. आतून कडी लाव. मी दाराशीच बसते, आईंना आणि शुभांगीला घेऊन. मंग पाहू कोणती काकू येते ते."

तसंच केलं. नील आजोबांबरोबर फंक्शन हॉल बघायला गेला होता. थंडी होती म्हणून खिडक्या बंदच, त्यांना गज. मी कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि रेवाजवळ आडवी झाले. झोपायचं नाही असं ठरवलं होतं. बाहेर तिघी हळदीकुंकवाच्या पुड्या बांधत बोलत होत्या, ते ऐकू येत होतं. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती वासाने. तिळाचं तेल.

रेवाकडे पाहिलं. वेणी होती. उठायला गेले तर मानेमागे काहीतरी ताणल्यासारखं झालं. हात मागे नेला... माझ्या खांद्यापर्यंतच्या केसांची वेणी घातलेली होती. तशीच, पाच पेडांची. झोपताना केसांना लावलेला माझा क्लिप कोणीतरी काढून उशाशी ठेवला होता. कडी जशीच्या तशी होती.

दार उघडलं. ताईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हातातली पुडी हळूच खाली ठेवली.

"तूच घातली?"

"मला तिपेडीसुद्धा नीट येत नाही, ताई."

तेवढ्यात रेवा उठून माझ्या मागे आली. खुशीत होती. "काकूने घातली. आईची पण."

मी ताईंकडे बोट दाखवलं. "ह्या काकूने?"

रेवाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"ही नाही."

शुभांगी रडायलाच लागली. सासूबाई जिना उतरून देवापाशी जाऊन बसल्या. ताईंनी मला पायरीवर बसवलं आणि माझी वेणी सोडायला घेतली, मग रेवाची.

त्याच संध्याकाळी आम्ही मुलांना घेऊन हॉलजवळच्या लॉजवर गेलो. पाहुण्यांना सांगितलं, गर्दीत मुलांची झोप होत नाही. लग्न छान झालं. लग्नाच्या सकाळी मी रेवाचे केस विंचरले तेव्हा ती इतकी रडली की शेजारच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. मला ते रडणं ऐकून बरं वाटलं.

परत आल्यावर तसं काही घडलं नाही. प्रशांत म्हणतो, जेट लॅगमध्ये झोपेत मीच वेण्या घातल्या. आरशासमोर बसून, व्हिडिओ बघून प्रयत्न केला — माझ्या केसांची तर सोडाच, रेवाच्याही नाही जमली. आणि तेल? सासूबाईंनी अख्खं घर धुंडाळलं, तिळाच्या तेलाची बाटली मिळाली नाही. ती खोली आता कुलूपबंद असते.

खरं सांगू? अजूनही कधी कधी मला वाटतं, ताईंनीच काहीतरी केलं असावं. कसं, ते सांगता येणार नाही. पण तसं असलेलं मला चालेल. आणि ताईंना माझ्याबद्दल नेमकं हेच वाटत असणार, त्यांच्या आवाजावरून कळतं. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. दोघीही फार गोड बोलतो.