आठवत नसलेले तीन किलोमीटर

रमाकांत शाळेची व्हॅन चालवायचा आणि नियमांच्या बाबतीत भलताच कडक होता. बबीना रस्त्यावर पोलिसांनी पाटी लावली: हातात मोबाइल, त्यावर लाल फुली. त्याच संध्याकाळी त्याने कानात घालायचा इअरफोन घेतला. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, मग आणखी काय पाहिजे? इतर ड्रायव्हरांना तो वर शहाणपण शिकवायचा, "पढ़े-लिखे हो, इतना भी नहीं समझते?"

फोन टाळणं त्याला शक्यच नव्हतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहिलेलं; घरात त्याच्या मुलांना मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. त्याच्या आईला, यमुनाबाईंना, मन मोकळं करायला तो एकटाच उरला होता. रोज सव्वासातला, तो व्हॅन घेऊन रस्त्यावर असतानाच, त्यांचा घरून फोन ठरलेला.

त्या सकाळी त्यांनी विचारलं, "बाळा, गौरींचे मुखवटे कुठल्या ट्रंकेत रे?"

"माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असतील. तू चढू नकोस हं."

हिरवीत की काळीत? मनातल्या मनात तो एकेक ट्रंक उघडत राहिला, आणि शाळा आली.

अकरा मुलं उतरली. काच पुसायला तो खाली आला, तर डावा आरसा आत वळलेला, दारावर लांबलचक ओरखडा आणि त्यावरून दुधाचे ओघळ.

त्याला रेल्वे फाटक आठवत होतं. त्यानंतरचं काहीच नाही. तीन किलोमीटर गाडी कोणी चालवली? मागच्या मुलांच्या दंग्यात आणि कानातल्या आईच्या आवाजात धडक ऐकूही आली नव्हती.

त्याने व्हॅन वळवली. रस्त्याकडेचं प्रत्येक गाठोडं त्याला माणूस वाटत होतं. देवा, जिवंत असू दे, एवढंच तो पुटपुटत होता.

फाटकाच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला, एक दूधवाला कडेला बसला होता. सायकलचं चाक वाकलेलं, कोपरातून रक्त. माणूस जिवंत होता. रमाकांतला रडू फुटलं.

"माफ करो भैया, दिखे नहीं."

दूधवाल्याने मान वर केली. "दिखे कैसे नहीं? हम हाथ दे रहे थे. आप सीधे हमारी आँखों में देख रहे थे."

रमाकांतने त्याला डॉक्टरकडे नेलं, अगदी हळू, कानात काही न घालता. दीड वाजता अकरा मुलांना परत न्यायचं होतं, आणि त्याला स्वतःच्याच डोळ्यांची भीती वाटत होती.