चेकलिस्टची शेवटची ओळ

डॉट मॅडमना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आमच्या फ्लाइंग स्कूलच्या कॅन्टीनमध्ये त्यांचा एक किस्सा निघाला की मागून चार निघतात. मॅडम मूळच्या ऑस्ट्रेलियन. बायकांनी विमानात फक्त चहा द्यावा असं लोक मानायचे त्या काळात त्या विमान चालवायच्या. पुढे सिंगापूरला येऊन त्यांनी ही शाळा काढली. मी इथली मेंटेनन्स इंजिनिअर.

*

त्यांचा नियम एकच. उडण्याआधी प्रत्येक स्विचवर हात ठेवायचा आणि मोठ्याने त्याचं नाव घ्यायचं. आमचे पुण्याचे इन्स्ट्रक्टर कुलकर्णी नवे होते तेव्हा म्हणाले, “मॅडम, मला सगळं पाठ आहे.”

“छान. हाताला पाठ आहे का?”

*

ही सवय कुलकर्णींच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटपर्यंत पोचली. बाहेर पडताना हात लावून लावून घोष सुरू, “गॅस बंद. गीझर बंद. दार बंद.” दार ओढल्यावर कळलं, किल्ली आतच!

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “ती तुमच्या यादीत नव्हती.”

*

कुलकर्णी घरी निघताना ‘येतो’ म्हणायचे. मॅडमनी अर्थ विचारला, त्यांनी सांगितला.

“येतोस, तर मग निघालास कुठे?”

“आमच्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, मॅडम. परत यायचं असतं ना.”

दुसऱ्या दिवशी टेकऑफच्या चेकलिस्टच्या तळाशी नवी ओळ छापलेली: वाय, ई, टी, ओ. तेव्हापासून चिनी, मलाय, तमिळ, सगळी पोरं उडण्याआधी ‘येतो’ म्हणतात. एकाने मला विचारलं, “आंटी, येतो इज विच पंप, अह?”

*

मी मॅडमना सांगून पाहिलं, बाईने ‘येते’ म्हणायचं असतं.

“आता छापून झालंय. पुढची कुणीतरी बघेल.”

*

माझी ईरा याच शाळेत शिकली. पहिल्यांदा एकटीने उडायचं त्या सकाळी दारातून म्हणाली, “आई, मी जाते.”

“अगं, येते म्हण!”

“सेम थिंग लाह.”

शाळेत तिला शिकवणारे कुलकर्णी विमानातून उतरून हँगरपाशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. विमान तिला एकटीला घेऊन वर गेलं. मला भयंकर भीती वाटत होती. एक फेरी मारून चाकं टेकली तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

ईरा घामाघूम होऊन आली आणि चेकलिस्ट माझ्या हातात दिली. शेवटच्या ओळीतला ओ पेनने खोडला होता आणि त्याच्यावर ई लिहिला होता.