एकहाती आणि शेजारचे गृहस्थ

हँगरमधले मेकॅनिक तिला ‘एकहाती’ म्हणायचे, आणि तिलाही ते नाव आवडायचं. तिचं छोटं जेट एकट्या पायलटने उडवलेलं चालतं. तसं उडवायचं रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरता खास परवाना, तिच्याकडे अकरा वर्षं होतं. रेडिओ, नकाशे, चाकं, प्रवाशांचे लाड, सगळं तीच बघायची.

मग नवी नोकरी आली. पगार बरा, विमान जरा मोठं, आणि त्यात पुढे दोन पायलट लागतातच. म्हणजे नवं रेटिंग, नवी परीक्षा.

“त्यात काय मोठंसं!” असं नवऱ्याला सांगून ती गेली.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच हलणाऱ्या खोट्या कॉकपिटमध्ये. शेजारी सहवैमानिक म्हणून एक अबोल गृहस्थ बसले. आधी शेतांवर फवारणीची विमानं चालवायचे. परीक्षकाने बटण दाबून उजव्या इंजिनाला आग लावली. तिने इंजिन बंद केलं, आग विझवली, रेडिओवर कळवलं आणि विमान अलगद टेकवलं. गृहस्थांचा हात तीनदा पुढे आला, तीनदा मागे गेला.

“उडवलंत झकास,” परीक्षक म्हणाला. “पण नापास.”

“नापास? चुकलं काय माझं?”

“शेजारी माणूस बसलाय, याचा तुम्हाला पत्ताच नव्हता. घाईत डावं इंजिन बंद केलं असतंत, तर थांबवणार कोण?”

घरी ऐकून नवरा हसत सुटला. “अगं, मी त्या परीक्षकाला फोन केला नव्हता हं! मी भाजी टाकली की तू ढवळतेस. मी बॅग भरली की तू उपसून पुन्हा भरतेस.”

“तुला जमत नाही म्हणून.”

“जमू कधी दिलंस?”

हे मात्र तिला लागलं. आठवडाभर स्वयंपाक त्याने करायचा आणि तिने स्टुलावर बसून नुसतं बघायचं, असं ठरलं. भाजी खाली लागायला आली तेव्हा ती एकच शब्द बोलली, “गॅस.” त्याने बारीक केला. भाजी वाचली, पण तिला घाम फुटला होता.

फेरपरीक्षेत पुन्हा आग. ती विमान सांभाळत राहिली आणि इंजिनाचं काम गृहस्थांवर सोपवलं.

लिव्हरवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “उजवं?”

“उजवं.”

मग उतरताना टॉवरने तीन हजार फुटांवर थांबायला सांगितलं, तिने यंत्रावर लावले दोन हजार. वाटेत डोंगर होता.

“तीन म्हणाले,” गृहस्थ हळूच बोलले.

‘माहितीये मला’ अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला कुठे माहीत होतं?

“तीन. लावले. थँक्यू,” ती म्हणाली, आणि खांदे आपोआप सैल पडले. इतक्या वर्षांत तिची चूक कुणी अशी वेळेवर पकडलीच नव्हती.

पास झाली. महिन्याभराने दोघं खऱ्या विमानात. परतीचं लँडिंग तिने आपणहून त्यांना दिलं. चाकं चांगलीच आपटली. तिने ओठ घट्ट मिटले, पार्किंगपर्यंत कसंबसं निभावलं, आणि मग म्हणाली, “एक सांगू का?”

“सांगा,” गृहस्थ हसले. “मी कधीची वाट बघतोय.”